ओटी भरली की कापूस खाली सांडतो

मागच्या वर्षीची, भुलाबाईच्या दिवसांतली गोष्ट. भुलाबाई म्हणजे आमच्याकडे पोरी महिनाभर रोज संध्याकाळी जमून गाणी म्हणतात तो सण. चौथीला भागाकार शिकवत होतो. ८४ भागिले ६. पूर्ण तास घातला, पोरं एकेक करून फळ्यावर आली, बरोबर उत्तरं काढून गेली. मी खुशीत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी आकडे बदलून तेच गणित दिलं, तर भागाकार हा शब्द आजच ऐकल्यासारखा वर्ग माझ्याकडे पाहत राहिला. आदल्या दिवशी सगळ्यांत आधी फळ्यावर आलेली पोरगी खाली मान घालून म्हणाली, "काल येत होतं जी मले. आज गेलं."

संध्याकाळी तीच पोरगी शाळेमागच्या घरी भुलाबाईसमोर बसलेली दिसली. एकीनं गाणं सुरू केलं की बाकीच्या उचलत होत्या. दहा-बारा गाणी झाली, एक ओळ चुकली नाही. कोणाच्या हातात वही नव्हती आणि कोणी पाठ करून घेतलं नव्हतं. शेवटी झाकलेला डबा वाजवून "खाऊ ओळखा" सुरू झालं, तेव्हा तर पोरींचं लक्ष असं लागलं होतं की मागून बैलबंडी गेली तरी एकीनं मान वळवली नाही.

म्हणजे गाणी राहतात आणि भागाकार जातो. जातो तो कुठे? आणि जे लक्ष डब्याला मिळतं ते फळ्याला का मिळत नाही? मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवतो. पाच वर्ग, दोन माणसं. मानसशास्त्राचा पंडित नाही, पण या दोन प्रश्नांवर जगभरात बरंच काम झालं आहे आणि त्यातलं बहुतेक आपल्या वावरातल्या गोष्टींनी समजावता येतं.

कापूस वेचायला गेलेली बाई कमरेला ओटी बांधते. दोन्ही हातांनी बोंडातला कापूस काढायचा आणि ओटीत टाकायचा. ओटी भरली की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन गाठोड्यात रिकामी करायची. न जाता तशीच वेचत राहिली तर वरचा कापूस खाली सांडतो. गाठोड्यात जागा भरपूर असते, अडचण ओटीची आहे.

माणसाच्या डोक्याचंही असंच आहे. आत्ता, या क्षणी आपण ज्याचा विचार करतो ते सगळं एका छोट्या ओटीत असतं. तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५६ साली मांडलं की या ओटीत एका वेळी सातेक गोष्टी मावतात, दोन इकडे, दोन तिकडे. पुढे नेल्सन कोवान यांनी २००१ साली सगळे प्रयोग पुन्हा तपासले आणि आकडा चारच्या आसपास आणला. गाठोडं, म्हणजे कायमची स्मृती, मात्र भरतच नाही. ऐंशी वर्षांच्या आजीच्या डोक्यात गावातल्या चार पिढ्यांची नाती असतात आणि तरी काल झालेल्या भांडणाला जागा उरते.

आता ८४ भागिले ६ कडे पुन्हा पाहा. आठात सहा किती वेळा, एकदा. आठातून सहा गेले, दोन उरले. वरचा चार खाली आणायचा, झाले चोवीस. चोवीस सहाच्या पाढ्यात कुठे येतं? ज्याला सहाचा पाढा तोंडपाठ आहे तो इथे "चोक चोवीस" म्हणून पुढे जातो. ज्याला नाही तो बोटं मोजायला लागतो. सहा, बारा, अठरा... आणि मोजता मोजता कोणती पायरी चालली होती तेच सांडून जातं. त्याला भागाकार समजला नाही असं आपण म्हणतो. खरं तर पाढा मोजण्यातच त्याची ओटी भरलेली असते.

वाचनात हे जास्त ठळक दिसतं. पोरगं अक्षर अक्षर जुळवत वाचतं, "शे... त... क... री". ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात सांडलेली. मग आपण विचारतो, "सांग, शेतकरी काय करत होता?" ते खिडकीबाहेर पाहतं. त्याचं लक्ष नाही असा शेरा मारणं सोपं आहे. मीही मारलेला आहे, प्रगतिपुस्तकात, स्वच्छ अक्षरात.

इथे जरा आडवाटेला जातो. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला, साताऱ्याच्या कुमठे बीटचं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचं, काम पाहायला शिक्षक जाऊन आले, वर्गांच्या फरशा रंगल्या, ज्ञानरचनावाद (पोर स्वतः करून ज्ञान उभं करतं हा विचार) हा शब्द चहाच्या टपरीवर पोचला. त्यातून पुष्कळ चांगलं झालं. पोरं खाली बसून वस्तू हाताळत शिकू लागली. पण कुठून कोण जाणे, पाठांतर म्हणजे पाप असाही एक समज पसरला आणि आमच्यासारख्यांनी पाढे म्हणून घेणं गुपचूप बंद केलं. समजल्याशिवाय पाठ करणं वाईट, हे कबूल. पण समजलेला पाढा पाठ नसेल तर पुढचं प्रत्येक गणित ओटीवर ओझं होतं. आमच्या आज्यांच्या पिढीला पावकी, निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) तोंडपाठ होती ती हौस म्हणून नव्हे, बाजारात फसू नये म्हणून.

बरं, ओटीतलं गाठोड्यात जातं कसं? आणि गेलेलं राहतं कसं?

हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं यासाठी स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते छापले. त्यानं काहीच अर्थ नसलेली तोडकी अक्षरं तयार केली, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि ठरावीक वेळानं त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी मेहनत लागते ते मोजलं. तासाभरानं निम्म्याहून अधिक फायदा गेलेला. एका दिवसानं साधारण एक तृतीयांश उरलेला. महिन्यानं एक पंचमांश. यात गंमतीची गोष्ट अशी की घसरण सुरुवातीलाच जोरात होते, पुढे ती मंदावते. अर्थ असलेली गोष्ट इतक्या वेगानं जात नाही हे खरं. पण चौथीतल्या पोरासाठी पहिल्या दिवशीचा भागाकार जवळजवळ बिनअर्थाच्या अक्षरांसारखाच असतो. तेव्हा "आज गेलं" म्हणणारी पोरगी काही विशेष करत नव्हती. माणसाच्या डोक्यानं करायचं तेच तिचं डोकं करत होतं.

यावर आपला नेहमीचा उपाय म्हणजे "पुन्हा वाचा", "पाच वेळा लिहून आणा". तो तितकासा कामाचा नाही. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटानं एक उतारा चार पाळ्यांत वाचला. दुसऱ्या गटानं पहिल्या पाळीत वाचला आणि पुढच्या तीन पाळ्यांत कागद बाजूला ठेवून जे आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते, त्यांना ८३ टक्के आठवलं, दुसऱ्यांना ७१. आठवड्यानं तपासलं तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर आले होते आणि आठवून लिहिणारे ६१ वर.

यातला डाव लक्षात घ्या. पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळखीचं झालं की "येतं मले" असं वाटतं. ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं. गावातल्या प्रत्येक माणसाचा चेहरा आपण ओळखतो, नावं सांगायला बसलो की घोळ होतो. परीक्षेत आणि आयुष्यात लागतं ते आठवणं, आणि त्याचा सराव आठवूनच होतो. भुलाबाईच्या पोरी महिनाभर रोज संध्याकाळी नेमकं हेच करतात. कोणी वाचून दाखवत नाही. जिला आठवलं ती पुढे नेते, जिला नाही ती ऐकून पकडते आणि उद्या स्वतः म्हणते.

तेव्हापासून मी परिपाठ झाला की पाच मिनिटं पाट्या काढायला लावतो. तीन प्रश्न. एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, एक मागच्या महिन्यातला. पुस्तक बंद. गुण नाहीत, वहीत नोंद नाही. सगळ्यांनी लिहायचं आणि एकदम पाटी वर करायची, म्हणजे पंचवीस पाट्या मला एका नजरेत दिसतात. चुकलं तर लगेच बरोबर उत्तर सांगायचं, तेवढंच.

मागच्या महिन्यातला प्रश्न कशाला, असं सहकाऱ्यानं विचारलं होतं. त्याला म्हटलं, तुम्ही हरभऱ्याला सगळं पाणी एकाच दिवशी सोडता का? पिकाला पाळीपाळीनं पाणी लागतं. एकदम सोडलं तर वाहून जातं आणि मुळं सडतात ते वेगळंच. आठवणीचंही तेच. थोडं विसरायला लागलं की मग आठवावं. तेव्हा जरा जोर लागतो आणि तो जोरच कामाचा असतो. एकाच दिवशी तासभर घोटण्यापेक्षा सहा दिवस दहा-दहा मिनिटं बरी.

आता लक्षाकडे येऊ. सगळे म्हणतात, आजकालच्या पोरांचं लक्षच लागत नाही. मोबाईलनं बिघडवलं. थोडं खरं असेल. पण आम्ही मास्तर लोक लक्ष मागतो कसं तेही बघायला हवं.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं शेकडो तासांची वर्गातली ध्वनिमुद्रणं ऐकली. तिचे निष्कर्ष १९७० च्या दशकात प्रसिद्ध झाले. शिक्षक प्रश्न विचारतो आणि सरासरी एका सेकंदाच्या आसपास थांबतो. एक सेकंद! मग स्वतः उत्तर देतो, नाहीतर दुसऱ्याकडे वळतो. तेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं तर उत्तरं लांब होतात, "माहीत नाही" कमी होतं, आणि एरवी गप्प असणारी पोरं बोलू लागतात. मी माझ्याच तासाचं मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. ते ऐकून मला लाज वाटली. मी तर प्रश्न संपायच्या आतच उत्तराचं पहिलं अक्षर सांगत होतो. "महाराष्ट्राची उपराजधानी कोणती? ना... ना..." आणि वर्ग गरजतो, "नागपूर!" आपल्याला वाटतं वर्ग जिवंत आहे.

विचारून थांबणं आपल्या मातीला नवं नाही. गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे बऱ्याच अंशी सवालजवाब असायचा. अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेला, शाळा न शिकलेला हा माणूस वऱ्हाडीत समोरच्या गर्दीला प्रश्न टाकायचा आणि उत्तर तिच्याच तोंडून काढून घ्यायचा. हजारो माणसं रात्र रात्र बसत ती नुसत्या आवाजामुळे बसत नव्हती. पुढचा प्रश्न आपल्याला आहे, हे प्रत्येकाला वाटत होतं. झाकलेल्या डब्यासमोर पोरींना वाटतं तेच. उत्तर अजून मिळालेलं नाही आणि ते मला काढता येईल, असं वाटलं की लक्ष आपोआप लागतं. "लक्ष द्या रे" असं ओरडून मिळतं ती शांतता, लक्ष नव्हे.

टीव्हीबद्दलही म्हणूनच दोन शब्द. आमच्याकडे लोकवर्गणीतून भिंतीवरचा टीव्ही आला आहे. तो लावला की टाचणी पडली तरी ऐकू येईल, पाहुणे खूश होतात. वीस मिनिटांचा व्हिडिओ संपल्यावर विचारलं तर "लई मस्त होतं" यापलीकडे फार काही निघत नाही. आता दर दोन-तीन मिनिटांनी थांबवतो आणि विचारतो, पुढे काय होईल, पाटीवर लिहा. पोरं चिडतात. चिडलेली बरी.

काही वेळा मात्र प्रश्न डोक्याचा नसतो, भाषेचा असतो. पहिलीच्या चित्रावर पेरू असतो आणि पोरगं ठामपणे "जाम" म्हणतं. बरोबरच म्हणतं, आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात, कोथिंबिरीला सांबार. त्याला "चूक" म्हटलं की ते शिकतं एवढंच, की इथे बोलण्यात धोका आहे. "हाव, जाम. पुस्तकात त्यालेच पेरू म्हणतात" असं म्हटलं की दोन शब्द होतात. वऱ्हाडी आणि झाडीबोलीचं तरी निभतं. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे कोरकू बोलणारं पोर पहिल्यांदा शाळेत येतं तेव्हा त्याच्या भाषेचं कूळच वेगळं असतं. कोरकू मुंडा गटातली. गडचिरोलीतल्या भामरागडकडची माडिया-गोंडी द्राविडी. त्या पोराची ओटी "बस", "ऊठ", "पाटी काढ" एवढं समजण्यातच भरते. ज्या शिक्षकांनी त्या भाषेतली शंभर-दोनशे वाक्यं शिकून घेतली आहेत, त्यांचे वर्ग एकदा पाहावेत.

आणि गणिताची भाषाही घरची वेगळी, शाळेची वेगळी असते. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या पाच पोरांना संशोधकांनी गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. ९८ टक्के बरोबर. मग तेच आकडे कागदावर नुसत्या गणिताच्या रूपात दिले. ३७ टक्के. आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबाबत असंच दिसल्याचं संशोधन २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात उलटंही दिसलं, फक्त शाळेत जाणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमेना. म्हणजे दोन्हीकडे अक्कल आहे, मध्ये पूल नाही. या पुलाचा विचार वर्ध्यात फार आधी झाला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांची समिती बसली आणि हाताच्या कामातून विषय शिकवण्याची नयी तालीम पुढे आली. टकळीवरचं सूत मोजता मोजता गणित. ती देशभर रुजली नाही, त्याची कारणं बरीच आहेत, पण नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलं होतं.

पाचवीतलं पोर दुसरीच्या पातळीवर असेल तर मात्र वरचं काहीच चालत नाही. 'असर' हे सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचं वाचन तपासतं. २०२४ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी शंभरात सुमारे २७ होती. उरलेली वर्गात काय करतात? बसतात. बँकेत पीक विम्याचा इंग्रजी अर्ज वाचून दाखवणाऱ्या साहेबासमोर कास्तकार जसा मान डोलावत बसतो, तसं. त्याला रोज पाच तास, दहा वर्षं बसवून पाहा.

'प्रथम' या संस्थेनं यावर काढलेला मार्ग साधा आहे. दिवसातला काही वेळ इयत्ता विसरायची, पोरं पातळीनुसार बसवायची. अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे, गोष्ट वाचणारे एकीकडे. ही पद्धत ज्यांनी शास्त्रशुद्ध प्रयोगांनी तपासली त्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दोन शिक्षकांत पाच वर्ग असणाऱ्या आमच्यासारख्यांना हे उलट सोपं जातं. आमच्याकडे इयत्ता तशाही सरमिसळच असतात. अवघड एकच, पाचवीतल्या पोराला तिसरीतल्या बहिणीशेजारी बसवताना त्याचा पाणउतारा होऊ न देणं. आम्ही गटांना पिकांची नावं दिली. तरी पोरं ओळखतातच, कपाशी पुढे का तूर पुढे.

दसऱ्यानंतर वेचणी लागली की हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते. माय वावरात, लहान्याला सांभाळायला पोरगी घरी, नाहीतर तीही ओटी बांधून. यावर भाषण देणाऱ्यांनी एकदा मजूर मिळत नसताना फुटलेल्या कपाशीचं वावर सांभाळून दाखवावं. मला एवढंच हातात आहे, की परत आलेल्या पोराला पहिल्या दिवशी "इतके दिवस कुठे होता?" असं सगळ्यांसमोर न विचारणं आणि त्याला येईल असा एक प्रश्न तयार ठेवणं.

ती भागाकारवाली पोरगीही तीन आठवडे आली नाही. आली त्या दिवशी तिला विचारलं, "चार बायांनी मिळून ९६ किलो कापूस वेचला. सगळ्यांनी सारखा. एकीचा किती?"

"सारखा कोणीच वेचत नाही जी."

वर्ग हसला. मीही. मग म्हणाली, "शंभर असते तर पंचवीस. चार कमी, म्हणजे एकेक कमी. चोवीस."

मी तिला खडू दिला. म्हटलं, आता हेच फळ्यावर, शाळेच्या पद्धतीनं. तिनं कंस काढला, ९६ लिहिले, बाहेर ४. नवात चार दोनदा, आठ. एक उरला. तिथे अडकली. खडू फळ्याला टेकवून तशीच उभी. मी मनात मोजत होतो, एक, दोन, तीन, चार. मागून कोणीतरी कुजबुजलं. मला राहवेना, तोंड उघडलंच.

ती न वळता म्हणाली, "थांबा नं जी. सांगू नोका."